एका भाषणाला लागलेले तेल

कोळसा आणि खनिज तेल यांच्यावाचून कोणत्याही देशाला वीज निर्माण करता येत नाही, आणि विजेवाचून कोणताही देश मोठा होत नाही. हा सिद्धांत मी सोलापुरातल्या एका व्याख्यानात मांडला, तेव्हा मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले आणि मुंबईच्या गिरण्या घाटातल्या पाण्यावर केलेल्या विजेने चालतात, त्याचे काय, असे विचारू लागले. ते पाणी मी जमेस धरले नव्हते. एवढ्यात सभागृहातले दिवे गेले. अंधारात टाळ्या पडल्या. त्या सिद्धांताला पडल्या की दिवे गेल्याला, हे मला अजून कळलेले नाही.

मी भूगोल शिकवतो. वर्गातल्या नकाशावर कोळशासाठी काळे ठिपके आणि तेलासाठी तांबडे ठिपके मी स्वतः काढलेले आहेत. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तेव्हा सर्वांत मोठ्या तांबड्या ठिपक्यावर मी काट मारली, आणि आपल्या दिव्यांचे आता काय होणार याची चिंता मुलांना लावून दिली. त्याच वर्षी हिवाळ्यात आत्याचा निरोप आला: आमच्या गावात बिजली आली आहे, उरसाला ये आणि बघून जा.

आत्याचे गाव निजामाच्या राज्यात, परंड्याच्या अलीकडे. गावाचे नाव मी सांगत नाही. तिथले लोक वाचणारे आहेत, आणि दुरुस्त्या सुचवणारेही आहेत.

कुर्डुवाडीहून पुढे

कुर्डुवाडीला आगगाडीतून उतरून मोटार धरली. पेट्रोल लढाईवर गेल्यामुळे ही मोटार लोणारी कोळशाच्या गॅसवर चालत होती. पाठीमागे बंबासारखा एक मोठा डबा जोडलेला होता. त्यात बाभळीचा कोळसा पेटवून क्लीनर एक चाक फिरवत बसे, आणि बऱ्याच वेळाने मोटारीच्या मनात चालायचे येई. चढ आला की उतारू आपणहून खाली उतरत. कुणाला सांगावे लागत नव्हते. एक म्हातारे शेतकरी माझ्याबरोबर चालता चालता म्हणाले, "बैलगाडीत बरं असतंय. बैल दमला तर निदान दिसतंय तरी."

सीना ओलांडली आणि थोड्या वेळाने करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आला. इंग्रजी मुलूख संपून निजामाचा सुरू होतो तो इथे. दोन्ही बाजूंना तीच काळी जमीन, तीच ज्वारी, बांधाला तीच करडई. फक्त इकडे झडती होती. कारकुनाने माझी ट्रंक उघडून कपडे पाहिले, पुस्तके पाहिली, आणि आत्यासाठी आणलेली खोबरेल तेलाची बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"ये क्या है?"

"केसांना लावायचे तेल."

"कोणाच्या?"

माझ्या डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे शंका रास्त होती. आत्याचे नाव, वय आणि केसांची लांबी सांगितल्यावर बाटली परत मिळाली. माणूस वाईट नव्हता. मोटारीचा कोळसा पुन्हा पेटेपर्यंत त्याने मला चहा पाजला. खुर्ची एकच असल्याने ओसरीतल्या एका लोखंडी पिंपावर मला बसवले. पिंपावर हिरवा पट्टा होता. उन्हाने ते छान ऊबदार झाले होते. निजामी राज्यातले आदरातिथ्य याविषयी मनात चांगले विचार येऊ लागले होते, तोच मोटार सुरू झाली.

गावात

आत्या म्हणजे सरूबाई. वय झाले, गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच तिने मला हाताला धरून बाहेर काढले.

"आधी खांब बघ."

खांब बाभळीचे होते आणि बाभळीइतकेच सरळ होते. त्यांच्यावरून दोन तारा गिरणीपासून निघून मारुतीच्या देवळावरून, पारावरून, पिराच्या दर्ग्यापर्यंत गेल्या होत्या. जागोजाग काचेचे दिवे लटकत होते. दुपारची वेळ असल्याने ते लागलेले नव्हते, तरी खाली चार-पाच माणसे मान वर करून उभी होती.

"सोलापुरात असं हाय का?" आत्याने विचारले.

"आहे."

"असू दे. पर तिथं कुणी केलंय, तुला ठावं हाय का? इथं महबूबनं केलंय."

हे खरे होते. सोलापुरात मी इतकी वर्षे दिव्याखाली वाचतो आहे, पण तो दिवा कोण लावतो त्याचे तोंड मी पाहिलेले नाही. दिवा गेला की ज्याला शिव्या देतो तोही अनोळखीच असतो.

महबूबभाई पिठाच्या गिरणीचे मालक. गावातल्या हिंदूंची ज्वारी आणि मुसलमानांची ज्वारी त्यांच्याकडे एकाच जात्यात दळली जाई, आणि गिरणीचे इंजिन टुकटुक करू लागले की दोन्हीकडच्या बायका पाट्या घेऊन निघत. मोडलेल्या एका तंबूच्या सिनेमाकडून त्यांनी डायनामो मिळवला, तो त्या इंजिनाला पट्ट्याने जोडला, आणि गावात उजेड पाडला. हे कशासाठी केले, ते त्यांनी मला फार उशिरा आणि फार थोडक्यात सांगितले. मागल्या साली बैलाने एका गड्याचे पोट फाडले. गावच्या दवाखान्यात कंपाउंडर टाके घालत होता आणि कंदील महबूबभाईंनी धरला होता.

"गडी जगला. पर माझा हात लई कापत व्हता मास्तर. ह्या तारा दवाखान्यापावतो न्यायच्या हायती. तवा कंदील कुणी धरायला नगं."

अडचण एकच होती. तारा रस्त्यावरून गेल्याने बैल बुजतात, असा कुणीतरी अर्ज केला होता. तहसीलदार साहेबांचा हुकूम आला की ते स्वतः उरसाच्या संध्याकाळी येऊन पाहतील. ते निघेपर्यंत दिवे नीट जळले, तर तारा राहतील आणि दवाखान्यापर्यंत न्यायची इजाजतही मिळेल. नाही जळले, तर दुसऱ्या दिवशी खांब उपटायचे.

"आता दिवे जळायचे कशावर, त्येच्यावर अडलंय," महबूबभाई म्हणाले. "इंजिनाचं तेल कंट्रोलात गेलंय. आमचं एक पिंप मंजूर झालंय, पर वरचा कागद येईस्तोवर नाक्यावर पडून हाय."

"हिरव्या पट्ट्याचे?" मी विचारले.

"व्हय. तुमी पाह्यलं?"

पाहिले म्हणणे अपुरे झाले असते. मी खरे ते सांगितले. महबूबभाई माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग आमच्या तेलाचा तुमास्नी आमच्यापेक्षा जास्त सहवास झालाय."

मला काहीतरी बोलणे भाग होते. म्हणून मी सांगितले की अशा जातीचे एक इंजिन पूर्वी परदेशातल्या एका प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, असे मी कुठेसे वाचले आहे. शिक्षकाच्या तोंडून अशा गोष्टी सवयीने निघतात. त्या कुणी मनावर घेत नाही, अशी त्याची खात्री असते.

महबूबभाई उठून उभे राहिले. "भुईमुगाचं चालतंय, तर करडईनं काय घोडं मारलंय?"

कुणाचे तेल

करडई अजून रानात हिरवी होती. घाणा बंद होता. घरोघरी बुधल्यांच्या तळाशी उरलेले जुने तेल बायका पळीऐवजी चमच्याने वापरत होत्या. ते मागायचे कुणी? पण त्या वर्षी उरूस शनिवारी आला होता. उरसाला गावातले प्रत्येक घर पिराच्या चिरागासाठी तेल नेते, मग ते घर कुणाचेही असो. आणि शनिवारी मारुतीला तेल वाहतात. म्हणजे तहसीलदार येतील त्याच दिवशी, सांगायला न जाता, गावातले तेल आपल्या पायाने दोन ठिकाणी गोळा होणार होते.

हे ध्यानात आले आत्याच्या. तिने दर्ग्याच्या मुजावर चाचांना आणि मारुतीच्या सोपान गुरवाला गिरणीत बोलावून घेतले. उरलेले तेल वर्षानुवर्षे या दोघांच्या घरी जाई, म्हणजे प्रश्न नुसता धर्माचा नव्हता.

मुजावर चाचांनी दाढी कुरवाळली. "लोक तेल देतेत चिरागासाठी. दर्ग्यावरचा दिवा जळला की चिराग जळला. मग तेल वातीतनं गेलं का इंजिनातनं गेलं, हे पिराला विचारणारे आपण कोण? माझी ना न्हाय."

"तुमचं सोपं हाय चाचा," सोपान म्हणाला. "माझ्या देवाला तेल दिव्याला न्हाय, अंगाला लागतंय. ते इंजिनात घातलं तर देव कोरडा ऱ्हाईल."

मुद्दा बिनतोड होता. सोलापुरातल्या सभांत मी इतका नेमका मुद्दा क्वचित ऐकला आहे.

"कोरडा कशापायी?" आत्या म्हणाली. "आधी देवाच्या अंगावर घाल. खाली गळंल ते धर. एरवी तू धरतोसच की."

सोपान ओशाळला. "धरतो."

"मग? मारुतीच्या अंगावरनं आलेलं तेल. इंजिनाला बळ लई येईल."

आणि तसे ठरले.

शनिवारी

सकाळपासून गर्दी. दर्ग्यापुढे मलिद्याची ताटे, मारुतीपुढे रुईच्या माळा, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारी तीच माणसे. शेजारच्या गावांतून गाड्या आल्या होत्या. आमच्याकडे उरसाला किंवा जत्रेला देवाचे दर्शन मुख्य असते. इथे दर्शन घेऊन लोक दिव्याखाली उभे राहत आणि आपल्या पाहुण्यांना दिवे दाखवत. "रातीला बघा," एवढेच सांगत. ज्यांनी आयुष्यात काही मिरवले नव्हते ती माणसे मान वर करून चालत होती. कारण दिवे वर होते.

दुपारी दोन्हीकडचे तेल गिरणीत आले. मारुतीकडच्या तेलाला सुंदर केशरी रंग होता. महबूबभाईंनी बोट बुडवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. शेंदूर. देवाच्या अंगावरचा शेंदूर तेलाबरोबर खाली आला होता. इंजिनाच्या बारीक नळीत तो बसला असता, तर मारुतीच्या बळाने इंजिन कायमचे थांबले असते. याचा विचार गावात कुणीच केला नव्हता, आणि भूगोलाच्या शिक्षकानेही नाही.

मुजावर चाचांनी डोक्यावरचा मलमलीचा फेटा सोडला. चार पदरी घडी करून त्यांनी आणि सोपानने तो धरला आणि तेल त्यातून गाळले. फेटा केशरी झाला. उरसाच्या दिवशी पिराचे मुजावर बोडक्या डोक्याने कसे बसणार? तेव्हा सोपानने देवळातून आपला फेटा आणून त्यांच्या डोक्याला बांधला. तो बांधताना दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते.

इंजिनाच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा असतो. तो लाल झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. एरवी तो रॉकेलच्या ज्योतीने तापवतात. रॉकेलही कंट्रोलात होते. म्हणून लोहाराचा भाता आणला. भात्याने कोळसा फुलला, गोळा लाल झाला, महबूबभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून चाक ओढले, कुणीतरी "बजरंग बली" म्हणाले, आणि इंजिन खोकले. मग पुन्हा खोकले. मग टुकटुक करू लागले.

दिवेलागणीला दिवे लागले. मी जे पाहिले ते लिहितो. उजेड फार नव्हता. सोलापुरात एवढ्या उजेडात आम्ही जेवायलाही बसणार नाही. पण पारावरच्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आणि मग गावावर एक वास पसरू लागला. करडईच्या तेलात काहीतरी खमंग तळत असल्याचा. इंजिन धूर सोडत होते, आणि त्या धुराला सणाचा वास होता.

तहसीलदार साहेब टांग्यातून उतरले ते नाक वर करूनच. शेरवानी, तुर्की टोपी, मागे दोन शिपाई.

"भजिये तल रहे हो क्या?" त्यांनी प्रसन्न होऊन विचारले.

"जी नहीं हुजूर," महबूबभाई म्हणाले. "बिजली है."

भाषण

साहेबांनी दिवे पाहिले, तारा पाहिल्या. मुद्दाम आणलेली एक बैलजोडी तारेखालून नेऊन दाखवली, ती बुजली नाही. इथे इजाजत देऊन ते जेवायला गेले असते, तर हे प्रवासवर्णन इथेच संपले असते. पण पारावर व्यासपीठ होते, त्यावर दिवा होता, आणि समोर माणसे होती. अशा वेळी स्वतःला आवरणे बड्या माणसाच्या हातात राहत नाही.

भाषण शुद्ध उर्दूत होते. मला निम्मे कळले, गावाला त्याहून कमी. विषय बचतीचा होता. लढाईचा काळ आहे, समुद्रापलीकडून येणाऱ्या तेलावर आपली मदार आहे, म्हणून तेलाचा एक थेंबही वाया जाऊ देऊ नका, हे त्यांनी अनेक परींनी सांगितले. प्रत्येक परीबरोबर गिरणीतल्या टाकीतले तेल खाली जात होते.

महबूबभाई गिरणीच्या दारात उभे होते. त्यांनी आत पाहिले, मग व्यासपीठाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहून हात उलटा केला. टाकीतले तेल तळाला गेले होते. साहेबांना थांबा म्हणता येत नव्हते, कारण इजाजत भाषणाच्या शेवटी होती. भाषणाचा शेवट दिसत नव्हता, आणि दिवे गेले तर काहीच दिसणार नव्हते.

व्यासपीठावरचा दिवा पिवळा झाला. मग तांबूस. साहेबांनी एकदा वर पाहिले आणि किफायतशारीवर, म्हणजे काटकसरीवर, एक शेर म्हटला.

आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, बायकांच्या रांगेतून वाट काढत ती घराकडे गेली. मला वाटले, कंटाळली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात स्वयंपाकघरातला बुधला होता. गिरणीच्या दारात तो तिने महबूबभाईंच्या हातात दिला.

"आत्या, ह्ये फोडणीचं हाय," ते म्हणाले.

"व्हय. मग काय झालं? आन् उपडा कर नीट, तळाशी चिकटलेलं ऱ्हातंय."

तिच्यामागून महबूबभाईंची बायको आपला बुधला घेऊन आली. मग लोहारीण. मग सोपानची आई. मग इतक्या जणी की मला ओळखता येईना. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या वाटी, एकीच्या हातात लोणच्यावरचे तेल काढून आणलेला तांब्या. तो महबूबभाईंनी हात जोडून परत केला. बोलत कुणीच नव्हते. साहेबांच्या भाषणात व्यत्यय नको. मीही ट्रंकेतून खोबरेलाची बाटली आणली. आत्याने ती माझ्या हातून घेतली, उघडून एकदा वास घेतला, चार थेंब तळव्यावर घेऊन केसांना चोळले, आणि बाकीची टाकीत ओतली.

व्यासपीठावरचा दिवा उजळला. साहेबांना तो आपल्या मुद्द्याला मिळालेला दुजोरा वाटला असावा. त्यांनी तो मुद्दा पुन्हा मांडला.

मी सोलापूरचा. माझ्या वर्गातल्या नकाशावर या गावाला ठिपका नाही, काळाही नाही आणि तांबडाही नाही. तरी त्या रिकाम्या बुधल्यांच्या रांगेकडे पाहताना माझा ऊर भरून आला, हे मी कबूल करतो.

खाली बायकांत मात्र हलक्या आवाजात वाद सुरू झाला होता. "मारुतीवरचा दिवा माझा," आत्या म्हणत होती.

"तुजा कसा? तुजं तेल मघाच जळालं. आता माझं जळतंय."

"सगळ्यात आधी कुणी घातलं?"

"आधी घातलं म्हनून तर आधी सपलं!"

शेवटी साहेब थांबले. तारा राहू द्याव्यात, दवाखान्यापर्यंत नेण्यास इजाजत आहे, आणि तेलाची अशी शिस्त दाखवणाऱ्या गावाचे पिंप अडवून ठेवू नये, असे नाक्याला कळवण्यात येईल, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या झाल्या. त्या कशाला झाल्या याविषयी या वेळी मला शंका नव्हती. महबूबभाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते.

साहेबांचा टांगा वेशीबाहेर गेला. इंजिनाने आणखी थोडा वेळ धीर धरला आणि मग ते बंद पडले. लोक कंदील लावून घरी गेले. पाहुण्यांना वाट दाखवताना प्रत्येक जण न विसरता तारांकडे बोट दाखवत होता, आणि पाहुणे अंधारात मान वर करून "वा" म्हणत होते.

परत निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा दवाखान्याकडे जाणाऱ्या खांबांचे खड्डे खणणे सुरू झाले होते. आत्याने न्याहारीला भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले. वांगे भाजून, मीठ घालून कुस्करलेले होते. त्यात आणखी काही नव्हते. शेजारच्या घरी डाळ होती, तीही उकडलेली. गल्लीत कुठूनही मोहरी तडतडल्याचा आवाज येत नव्हता.

"कसं झालंय?" आत्याने विचारले.

"छान," मी म्हणालो.

"खोटं बोलू नगं. दिवा कसा व्हता ते सांग."

मी खरे ते सांगितले.

तेलाचे पिंप गाडीवरून वेशीत शिरले, तेव्हा मी मोटारीसाठी तिथेच उभा होतो. हिरवा पट्टा लांबून ओळखता आला. महबूबभाई पुढे धावले. बायका आपापले बुधले घेऊन बाहेर आल्या, त्यांनी पिंप डोळे भरून पाहिले, आणि बुधले घेऊन परत आत गेल्या. पिंप अगदी काठोकाठ भरलेले होते. पण त्या तेलाची फोडणी देता येत नाही.